बार्शी लाइट आणि कुर्डुवाडीचा धक्का

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला की आमच्याकडचा माणूस आधी हसतो आणि मग ठरलेली गोष्ट सांगतो. गाडी इतकी सावकाश चालायची म्हणे, की पुढच्या डब्यातून उतरावं, रस्त्याकडेच्या शेतातला हरभरा उपटावा आणि सोलत सोलत मागच्या डब्यात चढावं. हरभऱ्याच्या जागी कधी बोरं येतात, कधी लिंबाची काडी. हा विनोद मी इतक्या तोंडून ऐकलाय की सांगणाऱ्याच्या आधी माझ्याच ओठांवर येतो.

पण हा विनोद प्रवाशाचा आहे, आणि बार्शी लाइट मुळात प्रवाशासाठी घातलेली गाडी नव्हती. ती घातली मालासाठी. कापूस, सरकी, ज्वारी, तूर, करडई. माणसं तिच्यात बसली, पंढरीची वारी बसली, कॉलेजची पोरं बसली, सगळं खरं. तरी प्रत्येक स्टेशनात ती जो अर्धाअर्धा तास खोळंबायची तो आपल्यासाठी नव्हे. मागे एखादी भरलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, जोडायची असायची, एखादी रिकामी सायडिंगला ढकलायची असायची. मिश्र गाडी म्हणजे तेच. पुढे-मागे मालाच्या वाघिणी, मधे माणसांचे डबे, आणि शंटिंग चाललं असताना डब्यातला माणूस बाहेर बघत बसलेला. त्याला वाटायचं गाडी आळशी आहे. गाडी कामात असायची.

माझे आजोबा बार्शीला एका आडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या तोंडी गाडी हा शब्द कमी आणि ‘बिल्टी’ जास्त. माल रवाना झाल्याची रेल्वेची पावती म्हणजे बिल्टी. ती हातात आली की त्यांचं काम संपायचं आणि काळजी सुरू व्हायची. काळजी कुर्डुवाडीची. तिच्याकडे येतोच, पण आधी ही रेल्वे मुळात झाली कशी ते सांगायला हवं, कारण तिच्यामागचा माणूस भलताच होता.

१८६० च्या सुमारास जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबई-सोलापूर लाइन आमच्या भागातून गेली, ती बार्शीला बगल देऊन. बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीला लागून असलेली इंग्रजी मुलखातली पेठ. बालाघाटाच्या वरचा माल घाट उतरून इथे यायचा. रेल्वेने या पेठेला काय दिलं, तर पस्तीस किलोमीटरवर एक स्टेशन आणि त्याला नाव ‘बार्शी रोड’. तेच आजचं कुर्डुवाडी. मग वर्षानुवर्षं बार्शी ते बार्शी रोड बैलगाड्यांची रांग. गाठी गाड्यांवर, गाड्या धुळीत, आणि पाऊस लागला की काळ्या रानात चाकं आसापर्यंत रुतलेली.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत इंजिनांचा इन्स्पेक्टर म्हणून आला. वय पंचविशीचं. मोठ्या लाइनला छोट्या लाइनी जोडून द्याव्यात, खेड्यापेठांचा माल त्यांनी गोळा करून आणावा, हे खूळ त्याच्या डोक्यात बसलं आणि त्याची नजर बार्शीवर गेली. त्यापायी त्याने १८८९ मध्ये नोकरी सोडली. कंपनी उभी राहायला १८९५ उजाडलं, गाडी धावायला १८९७. जवळजवळ दहा वर्षं हा माणूस पस्तीस किलोमीटरच्या मागे लागला होता. आपल्याकडे रेल्वेच्या मागण्या याहून जास्त वर्षं पडून राहतात हा भाग वेगळा, पण त्या मागण्या करणारे नोकरी सोडून बसत नाहीत.

त्याने रूळ निवडले अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. अरुंद रूळ भारतात नवे नव्हते. नवं होतं ते त्याचं वजनाचं गणित, आणि तेच मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणं वाटतं.

तोवर छोट्या लाइनीवर व्हायचं असं, की इंजिन जड आणि वाघिणी हलक्या. रूळ, खडी, पूल हे सगळं इंजिनाच्या वजनाला पुरेल इतकं मजबूत करायचं, आणि त्यावरून बाकीची गाडी मात्र हलकीफुलकी न्यायची. म्हणजे खर्च इंजिनापुरता आणि कमाई वाघिणीपुरती. कॅलथ्रॉपने नियम घातला: गाडीत काहीही असो, इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडणार नाही. इंजिनाचं वजन जास्त आसांवर पसरून टाकायचं आणि वाघीण मात्र त्या पाच टनांच्या मर्यादेपर्यंत बिनधास्त भरायची. मग रूळही हलके चालतात. सुरुवातीला त्याने टाकले ते यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोचे. आज मोठ्या लाइनीवर साठ किलोचे रूळ असतात.

चार आसांची वाघीण धरली तर वाघीण आणि माल मिळून वीस टन. वाघीणच जड निघाली तर तेवढा माल कमी. म्हणून त्याने दाबलेल्या पोलादाच्या पत्र्यांच्या, पंचवीस फूट लांबीच्या हलक्या वाघिणी करून घेतल्या. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीकडून, आठ चालत्या चाकांची. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे त्याने मुद्दाम रूळ टाकले, त्यांवर ही गाडी चालवली आणि इंजिनिअर मंडळींना बोलावून दाखवली. तीव्र वळणं, चढ, भरलेल्या वाघिणी. आमच्या पांगरी-शेंद्रीच्या रानात धावायची गाडी आधी यॉर्कशरच्या गवतात धावून आली. आमच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

या माणसाचं पुढचंही सांगून टाकतो. तो अरबी घोडे पाळायचा आणि मारझोड न करता घोडा कसा शिकवावा यावर त्याने पुस्तक लिहिलं. विमानं आली तेव्हा वैमानिकाला उडी मारून जीव वाचवता यावा म्हणून त्याने पॅराशूट बनवलं, नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात ते शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरलं गेलं, पण विमान चालवणाऱ्या ब्रिटिश पोरांना वरिष्ठांनी ते दिलं नाही. आसावरचा भार मोजणाऱ्या माणसाने हवेतल्या माणसाचंही वजन मोजलं होतं. ते पटवून देणं त्याला जमलं नाही.

बार्शी लाइट मात्र पटली. लाइन वाढत गेली. पंढरपूर १९०६ मध्ये जोडलं गेलं, दुसऱ्या बाजूला येडशीचा घाट चढून ती तडवळ्याकडे सरकली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. पंढरपूरहून मिरजेला जायला १९२७ साल उजाडलं. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. लातूर ते मिरज मिळून सव्वातीनशे किलोमीटरची लाइन, आणि तिची कंपनी लंडनची.

लातूरला गाडी पोचल्यावर काय झालं याकडे आमचे बार्शीकर जरा दुर्लक्ष करतात. दहा वर्षं बार्शी हे लाइनीचं टोक होतं. टोकाच्या गावाला माल आपोआप येतो, कारण त्याच्या पुढे रूळ नसतात. रूळ पुढे गेले तसा लातूर, मुरूड, ढोकीकडचा माल बार्शीत उतरायचं कारणच उरलं नाही. तो आता लातुरातच भरला जाऊ लागला. १९१७ मध्ये लातूरला गंजगोलाई उभी राहिली, सोळा रस्ते जिला येऊन मिळतात अशी गोल पेठ, आणि पुढे लातूरच्या तुरीला आणि डाळीला देशभर नाव झालं. यात रेल्वेचा वाटा किती आणि व्यापाऱ्यांच्या हुशारीचा किती, याचा हिशोब मी करत नाही. पण सहा वर्षांचं ते अंतर बोलकं आहे. बार्शी मग कापूस पिंजण्या-विणण्याकडे वळली, गिरण्या निघाल्या, भोंगे वाजू लागले.

लातूरची लाइन दोन राज्यांतून जायची. बार्शी इंग्रजांची, घाटावरचं निजामाचं. निजामाची स्वतःची जकात होती, करोडगिरी म्हणायचे तिला. बिल्टीवर गाव एका राज्यातलं आणि माल दुसऱ्या राज्यातला. आजोबांच्या बोलण्यात करोडगिरीचा उल्लेख शिवी दिल्यासारखा यायचा.

आता कुर्डुवाडी.

कॅलथ्रॉपने रुळांचं वजन वाचवलं, वाघिणीचं वाचवलं, पुलाचं वाचवलं. एक गोष्ट मात्र त्याच्या गणितात बसत नव्हती. त्याचे रूळ अडीच फुटी आणि जीआयपीचे साडेपाच फुटी. बार्शीहून निघालेली वाघीण कुर्डुवाडीच्या पुढे एक वीतही जाऊ शकत नव्हती. तिथे मालधक्क्यावर एका बाजूला छोटी वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठी, आणि मधे हमाल. प्रत्येक पोतं छोटीतून काढायचं आणि मोठीत रचायचं. मुंबईहून येणारं मीठ, साखर, लोखंड, कापड याच्या उलट.

याचा हिशोब करून बघा. छोट्या वाघिणीचं स्वतःचं वजन वजा जाता चौदा टन माल धरू. म्हणजे क्विंटलची एकशे चाळीस पोती. मोठ्या लाइनीच्या वाघिणीत बावीस-तेवीस टन मावायचे. दीड छोटी वाघीण रिकामी झाली की एक मोठी भरते. मग उरलेल्या अर्ध्या वाघिणीचं काय? ती थांबते. कुणाची थांबते, किती वेळ थांबते, डॅमरेज, म्हणजे वाघीण अडवून ठेवल्याचा दंड, कुणाच्या माथी बसतं, यावर आडतीत भांडणं. आजोबांची काळजी ती हीच. माल बार्शीतून नीट निघायचा आणि कुर्डुवाडीत अडकायचा. पावसाळ्यात उघड्या धक्क्यावर अडकला तर ज्वारी काळी पडायची.

धक्क्यावर काम केलेल्या एका म्हाताऱ्या हमालाशी मी कुर्डुवाडीत पुष्कळ वेळ बोललो होतो. त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे मांसाचा एक टणक गोळा झालेला, पोतं टेकायची जागा. हूक कसा धरायचा ते त्याने उभं राहून दाखवलं: पोत्याच्या कानाजवळ मारायचा, मधे मारला तर तागाचा धागा उसवतो आणि दाणा सांडतो. सांडलेला दाणा कुणाचा, हे तिथलं न लिहिलेलं कलम होतं. धक्का झाडायला बायका यायच्या. सूप आणि खराटा घेऊन. दिवसाची झाडलोट मातीसकट घरी न्यायच्या आणि पाखडून भाकरी करायच्या. “मालक लोक बोंबलायचे घट आली म्हणून,” तो म्हणाला. “मातूर त्या घटीवर हितली निम्मी वस्ती जगली.”

आजोबांच्या वहीत घट म्हणजे तोटा. हा म्हातारा सांगत होता तो त्याच घटीचा दुसरा रकाना. दर पोत्यामागे पसाभर दाणा, हमालाची मजुरी, डॅमरेज, वाया गेलेला दिवस. कॅलथ्रॉपने लोखंडात जे वाचवलं त्यातलं बरंचसं कुर्डुवाडीत खर्ची पडायचं. तरीही बैलगाडीपेक्षा ते परवडायचं, म्हणून लाइन पन्नासेक वर्षं जोमात चालली. कुर्डुवाडी तर वाढलीच त्यावर. वर्कशॉप, रेल्वेच्या चाळी, खानावळी, आणि खांदा भाड्याने देणारी शेकडो माणसं.

कॅलथ्रॉपला या अडचणीवर उपाय सुचला नव्हता असं नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठ मैलांची अशीच अडीच फुटी लाइन १९०४ मध्ये त्याच्या देखरेखीखाली झाली. तिथे त्याने मोठ्या लाइनीची अख्खी वाघीण पाठीवर घेऊन जाणारी बुटक्या बांधणीची वाघीण वापरली. माल उतरवायचाच नाही, वाघीणच वाघिणीवर चढवायची. तिथे दुधाची वाहतूक होती आणि दुधाला थांबायला वेळ नसतो. त्या लाइनीची इंजिनंही बार्शीच्या वळणाची, पुढे भलामोठा दिवा लावलेली. इंग्लंडच्या दरीत तसल्या दिव्याचं काही काम नव्हतं. एवढं करून ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली, आमची त्यानंतर सत्तर वर्षं चालली. कुर्डुवाडीला काम खांद्यावरच राहिलं. मला वाटतं त्याचं कारण यंत्रापेक्षा मजुरीत आहे. इंग्लंडात हमाल महाग होता, आमच्याकडे तो दुष्काळाने स्वस्त केलेला होता. सोलापूर जिल्ह्यात माणसाचा खांदा कधी महाग झालाच नाही.

वारीच्या दिवसांत मालाच्या वाघिणी धुऊन त्यांत वारकरी भरायचे, असं जुनी माणसं सांगतात. दार उघडं, आत टाळ. पाच टनांच्या नियमाला आसावर ज्वारी आहे की माणूस याच्याशी देणंघेणं नव्हतं.

१ जानेवारी १९५४ ला सरकारने लाइन ताब्यात घेतली आणि लंडनची कंपनी संपली. पुढची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती प्रत्येक छोट्या लाइनीची गोष्ट आहे. डांबरी रस्ता आला, ट्रक आला. ट्रक आडतीच्या दारात उभा राहतो, तिथेच भरतो आणि थेट मुंबईच्या मशीद बंदराला रिकामा होतो. कुर्डुवाडी मधे येत नाही. मालकाने ट्रकचं भाडं आणि रेल्वेचं भाडं शेजारी लिहिलं असतं तर रेल्वे स्वस्त निघाली असती. पण रेल्वेच्या भाड्याखाली मजुरी, घट आणि डॅमरेज असे आणखी तीन आकडे होते, आणि ट्रकच्या भाड्याखाली रेघ. छोटी गाडी त्या रेघेवर हरली. वाघिणी कमी होत गेल्या, मागे राहिले माणसांचे डबे, आणि आमच्या पिढीला ती तेवढीच दिसली. म्हणून हरभऱ्याचा विनोद.

मग या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने रूळ रुंद झाले. पंढरपूर, लातूर, शेवटी मिरज. लातूरची लाइन आता वळसा घेऊन धाराशिव शहराकडून जाते. कुर्डुवाडीच्या धक्क्यावर पोती बदलायचं काम संपलं. शंभर वर्षं ज्याने सगळ्यांना छळलं ते गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, एकदाचं एक झालं.

या रुंद रुळांचा खरा दणका दिसला २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरला नळाला पाणी नव्हतं. कळशांच्या रांगांवर भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टँकर, पाच लाख लिटर. थोड्याच दिवसांत पन्नास टँकरांची गाडी, पंचवीस लाख लिटर. टीव्हीवाले ‘जलदूत’ म्हणून तिच्यामागे धावत होते. ती आली कुठून? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. धाराशिवचा वळसा सोडला तर बार्शी लाइटचीच वाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका टँकरात पन्नास टन पाणी. कॅलथ्रॉपच्या रुळावर हे आणायचं तर टँकरमागे तीन-चार वाघिणी लागल्या असत्या. त्याने आखलेल्या वाटेवरून इतका माल एका वेळी कधीच गेला नव्हता, आणि ज्या लातूरने त्या वाटेने तूर बाहेर पाठवून नाव कमावलं तिथे आता प्यायचं पाणी आत येत होतं. उसाला पाणी कुणी पाजलं, धरण का आटलं, हा लेख त्यावर नाही, पण ते आठवल्याशिवाय त्या गाडीचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

परवा बार्शीला गेलो तेव्हा आजोबांच्या ओळखीच्या आडतीवर बसलो होतो. आता तिसरी पिढी गल्ल्यावर आहे. मी उत्साहाने विचारलं, आता तर कुर्डुवाडीची कटकट गेली, माल रेल्वेने का पाठवत नाही? पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. मग त्याने समजावून सांगितलं. रेल्वेला आता एखाददुसऱ्या वाघिणीत रस नाही, तिला अख्खा रेक लागतो. चाळीस-बेचाळीस वाघिणी, अडीच हजार टनांच्या वर माल, एका गावाहून एका गावाला. म्हणजे क्विंटलची पंचवीस हजार पोती, एकदम, ठरलेल्या तासांत भरायची. खताला जमतं, सिमेंटला जमतं, साखर कारखान्याला जमतं. “काका, माझ्याकडं आज दोनशे पोती तूर आहे,” तो म्हणाला. “रेल्वेत जाऊन कुणाला विचारू?”

दोनशे पोती म्हणजे छोट्या लाइनीच्या दीड वाघिणी. आजोबांनी अर्ध्या तासात बिल्टी फाडून आणली असती. कुर्डुवाडीचा अडसर निघाला तोवर दीड वाघीण माल पाठवणारा माणूसच रेल्वेच्या हिशोबातून बाद झाला होता.

बाहेर ट्रक उभा होता, कर्नाटक पासिंगचा. भरत होता तुरीची पोती. हमाल नवे, हूक तसाच. पोरग्याने मला चहा सांगितला आणि ड्रायव्हरशी भाड्याची घासाघीस करायला उठून गेला.